इरिडियम प्लग: एका पावसाळ्यानंतर, आणि कॉइलच्या रबराविषयी थोडं जास्तच

इरिडियम प्लग, म्हणजे इरिडियम धातूच्या बारीक टोकाचे स्पार्क प्लग, बसवून उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही निघाले. गाडी चार सिलिंडरची, पेट्रोल आणि सीएनजी. मिसिंग, म्हणजे एखाद्या सिलिंडरात इंधन नीट न पेटणं, आधी सीएनजीवर कळतं, कारण गॅस पेटवायला व्होल्टेज जास्त लागतं. जुन्या प्लगवर, बेळगाव-गोवा रस्त्याला जांबोटी सोडून चोर्ल्याचा चढ लागला की झटके, स्कॅनरवर पी०३०२ हा कोड, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरात मिसिंग.

शोरूमचा सल्ला: चारही कॉइल (प्रत्येक प्लगवर बसून त्याला व्होल्टेज देणारा भाग) बदला. एवढा खर्च करण्याआधी दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर टाकून बघावी. कोड पी०३०३ झाला तर दोष कॉइलबरोबर सरकला. पी०३०२ च राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन. इथे कोड जागचा हलला नाही, म्हणून प्लग.

काम सोपं आहे. इंजिन पूर्ण गार हवं. कॉइलला १० चा पाना, प्लगला १६ चा. प्लग सैल करण्याआधी तो बसतो त्या खोबणीत हवा मारा, नाहीतर तिथली लाल माती थेट सिलिंडरमध्ये जाते. नवा प्लग आधी हातानेच फिरवायचा, मग २५ न्यूटन-मीटरपर्यंत आवळायचा. टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते मोजणारा) नसेल तर वॉशर टेकल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, बस्स. आट्यांना ग्रीस नको. त्याने प्लग गरजेपेक्षा जास्त आवळला जातो. इरिडियमची गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती फट, वाकवून जुळवू नका, टोक ०.४ ते ०.६ मिमीचं असतं, तुटतं. एनजीके कंपनीच्या प्लगच्या नंबरात शेवटी ११ असेल तर गॅप १.१ मिमी.

उन्हाळाभर मी या प्लगना पाचपैकी पाच दिले असते. पावसात मत बदललं. कणकुंबीकडचा चिखल काढायला बॉनेट उघडून प्रेशरने धुतलं की पाणी प्लगच्या खोबणीत साचतं. पुन्हा झटके, पुन्हा पी०३०२. पण या वेळी कॉइल हलवल्यावर कोड तिसऱ्यावर गेला. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर केसाएवढी काळी उभी रेघ, आणि कॉइलच्या रबरी बुटात, म्हणजे प्लगवर चढणाऱ्या रबरी नळीत, आतून नेमकी तशीच. ठिणगी टोकाकडे न जाता बाहेरून इंजिनच्या धातूत उतरत होती. रेघ थिनरने निघाली नाही तर प्लगही बदलावा लागतो. तळाशी दिसणारा तपकिरी डाग मात्र निरुपद्रवी असतो.

बूट जुनंच राहतं हा खरा घोटाळा. झिजलेल्या प्लगची गॅप वाढते, व्होल्टेज चढतं, उष्णतेने कडक झालेलं रबर त्यात फुटतं, आणि नव्या प्लगलाही तीच वाट मिळते. तिप्पट पैसे टाकून एक लाख किलोमीटरचा प्लग घ्यायचा आणि त्यावर जुनं रबर चढवायचं, यात बचत कसली? साधे निकेल प्लग आणि नवी चार बुटं हा जोड मला जास्त पटतो.

बऱ्याच कॉइलचं बूट ओढून निघतं आणि स्प्रिंगसह सुटं मिळतं. दुकानदार आधी अख्खी कॉइलच पुढे करतो. जुनं बूट हातात घेऊन जा आणि लांबी जुळवून घ्या. बसवताना तोंडाशी आतून डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा पातळ हात, स्प्रिंगला नाही. आणि इंजिनवर प्रेशरचं पाणी बंद.