रोज सकाळी एकदा पडणारा पीसी: 8 महिन्यांनंतर

पीसी बांधून 8 महिने झाले. पहिले तीन महिने तो रोज सकाळी न चुकता एकदा पडायचा, म्हणजे क्रॅश व्हायचा. त्यानंतरच्या पाच महिन्यांत एकदाही पडलेला नाही. म्हणून आत्ता लिहायला बसलोय, आधी लिहिलं असतं तर नुसत्या शिव्याच झाल्या असत्या.

सामान असं: रायझन 5 7600 प्रोसेसर, बी650 चा मदरबोर्ड, डीडीआर5 6000 (हा वेग) ची 32 जीबी रॅम, आरटीएक्स 4060 ग्राफिक कार्ड, साठवणीला 1 टीबीची एनव्हीएमई आणि वीज पुरवणारा 650 वॅटचा एसएमपीएस. सगळी खरेदी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, कॉम्प्युटरच्या बाजारात. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलंय, पण त्या नावाने टॅक्सीवाल्याला सांगून बघा, तो तुमच्याचकडे पत्ता विचारेल. मी गिरगावातच राहतो. खोकी दोन फेऱ्यांत हातानेच आणली, जोडणीही घरीच केली. काम म्हणाल तर लग्नाचे व्हिडिओ एडिट करणं, त्यामुळे मशीन सकाळी नऊला सुरू होतं ते रात्रीपर्यंत चालतं.

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा पंखे फिरले, स्क्रीन काळा, आणि बोर्डावर डीरॅम लिहिलेल्या जागी एक नारिंगी दिवा. दोन मिनिटं वाट पाहिली, बंद केलं. असं तीनदा. चौथ्यांदा चालू केलं आणि आईने जेवायला हाक मारली. आमटी-भात खाऊन परत येतो तर समोर बायोस, म्हणजे बोर्डाच्या सेटिंग्जचं पान, उघडलेलं! बोर्ड रॅमशी जुळवून घेत होता, बस्स. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. डीडीआर5 च्या वेगाला रॅमच्या प्रत्येक स्टिकसाठी (पट्टीसाठी) सिग्नलची वेळ बारकाईने ठरवावी लागते, आणि पहिल्या वेळी त्याला काही मिनिटं सहज लागतात. मी दरवेळी मधेच वीज तोडून त्याला पहिल्यापासून सुरुवात करायला लावत होतो.

पुढेही रोज सुरू व्हायला मिनिटभराच्या वर लागायचं. आई म्हणायची, "अरे, माझा चहा होतो पण तुझा कॉम्प्युटर नाही होत." मला ते लागलं. एका व्हिडिओत पाहून बायोसमधलं मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर चालू केलं. त्यामुळे बोर्ड मागच्या वेळी ठरवलेल्या वेळा जपून ठेवतो आणि पुन्हा ट्रेनिंग करत बसत नाही. पीसी झटक्यात सुरू व्हायला लागला. मी खूश झालो आणि असं काही बदललंय हेच विसरून गेलो. पुढची सगळी फरफट या विसरण्याची आहे.

आता पडणं म्हणजे कसं, ते सांगतो. विंडोजचं चिन्ह येतं, ठिपके गोल फिरतात, पासवर्डची दोन अक्षरं टाकतो न टाकतो तोच निळा पडदा. त्यावरचा एररचा कोड एक दिवस मेमरी मॅनेजमेंट, दुसऱ्या दिवशी आयआरक्यूएल, तिसऱ्या दिवशी भलतंच. मग आपोआप रिस्टार्ट, आणि त्यानंतर रात्रीपर्यंत ठणठणीत. चार-चार तास रेंडर लावा (एडिट केलेला व्हिडिओ तयार करायला टाका), हूं की चूं नाही. या ठणठणीतपणानेच मला फसवलं. लोडवर टिकतंय म्हणजे हार्डवेअर शाबूत, दोष विंडोजचाच, असं धरून दोनदा फॉरमॅट मारला. दोन्ही रविवार वाया. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, कर्नल-पॉवर 41 ची लाल नोंद दिसली, म्हणून एसएमपीएसवर डोळा ठेवला. पण 41 चा अर्थ फक्त मशीन नीट बंद न होता बंद झालं एवढाच. का झालं, ते त्यात नसतं. खरी खूण रोज बदलणाऱ्या कोडमध्ये होती. कोड रोज एकच असेल तर बहुतेक ड्रायव्हर धरावा, रोज नवा असेल तर आधी रॅम बघावी. हे मला उशिरा कळलं.

मग ग्राफिक कार्ड काढून पाहिलं. 7600 मध्ये स्वतःचं ग्राफिक्स असल्याने मॉनिटरची केबल थेट बोर्डात लावता येते. तरी पडलाच. कार्ड निर्दोष.

मधेच एक वेगळाच धागा हाती लागला. कॅबिनेटच्या पत्र्यावर हाताची मागची बाजू टेकवली की झिणझिण्या यायच्या. वायरमन बोलावला. त्याने टेस्ट लॅम्प फेज आणि न्यूट्रलमध्ये धरला, बल्ब लागला. फेज आणि अर्थमध्ये धरला, काही नाही. "साहेब, तिसरं भोक नुसतं शोभेला आहे." जुनी इमारत, आमच्या खोलीपर्यंत अर्थिंगची तार आलेलीच नव्हती. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कॅपॅसिटर किंचित करंट पत्र्याकडे सोडतात. अर्थिंग नसेल तर तो तिथेच अडकतो आणि पत्र्यावर साधारण निम्मा व्होल्टेज दिसतो. मीटरच्या जागेपासून नवी तार ओढून घेतली, झिणझिण्या गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पीसी पुन्हा पडला! तरी तो खर्च मी वाया गेलेला धरत नाही. गिरगाव, परळ, लालबागकडच्या जुन्या चाळींत राहत असाल तर पीसी घेण्याआधी एवढं बघूनच घ्या.

रॅम तपासणारा मेमटेस्ट86+ पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर लावला. चार फेऱ्या, शून्य एरर. म्हणजे रॅम सुटली, असं वाटलं. मग एकदा दात घासताना डोक्यात आलं की मशीन पडतं सकाळी, गार असताना, आणि मी ते तपासतोय रात्री, दिवसभर तापलेलं असताना. दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या विंडोजकडे न जाता थेट मेमटेस्ट सुरू केला. सातव्या मिनिटाला स्क्रीनवर लाल ओळी.

मग रॅमच्या मागे लागलो. एकच स्टिक लावून चार सकाळी, दुसरी लावून चार सकाळी, एकदाही पडला नाही. दोन्ही लावल्या की पडणार. स्लॉट बरोबर होते, प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा. तेव्हा कुठे ते कॉन्टेक्स्ट रिस्टोअर आठवलं. बंद केलं, तर पडणं रोजचं आठवड्यातून एकदावर आलं. एक्स्पो, म्हणजे रॅमला 6000 च्या वेगावर चालवणारं सेटिंग, बंद करून रॅम 4800 वर चालवली, तर पूर्ण थांबलं. शेवटी सीपीयू-झेड हा हार्डवेअरची माहिती दाखवणारा प्रोग्राम उघडून रॅमच्या (एसपीडी) पानावर दोन्ही स्टिक पाहिल्या. वरचं लेबल एक, वेग एक, पण आतल्या चिप्स दोन वेगळ्या कंपन्यांच्या.

तेव्हा उलगडलं. मी दुकानात 16-16 जीबीची जोडी मागितली होती, दुकानदाराने सुट्या दोन दिल्या. "सेम टू सेम है सर, कुछ फरक नहीं पडता." 4800 ला खरंच फरक पडत नाही. 6000 ला पडतो, आणि त्यात मी जुन्याच वेळा वापरायला लावून गार मशीनला चुकायची आणखी सोय करून दिलेली. परत गेलो तेव्हा हेच वाक्य पुन्हा ऐकलं. मी फोनमधले दोन फोटो पुढे केले, एकेका स्टिकच्या चिपचं नाव दिसणारे. अर्धा तास ताटकळल्यावर सीलबंद खोक्यातली एकत्र तपासलेली जोडी मिळाली, वर 1,100 रुपये माझ्याकडून. बदलून दिली याचं श्रेय त्याला देतो, पण नंतर बहिणीच्या पीसीसाठी एसएमपीएस घेतला तो दुसऱ्या दुकानातून.

आता एक्स्पो चालू, 6000, कॉन्टेक्स्ट रिस्टोअर बंद. मधे पावसाळा गेला. समुद्राच्या हवेने कॅबिनेटच्या मागच्या दोन स्क्रूंवर तांबेरा आलाय, बाकी काही नाही. प्रोसेसरबद्दल तक्रार शून्य. 65 वॅटचा आहे, सोबतचा कूलर मेमध्ये जरा आवाज करायचा एवढंच. कॅबिनेट मात्र पुन्हा घेणार नाही, पुढचा यूएसबी पोर्ट आत्ताच ढिला झालाय आणि धूळ काढायची जाळी बोटांनी उपसावी लागते.

सुरू व्हायला अजूनही मिनिटभर लागतं. मी बटण दाबतो आणि आईकडे चहा मागायला जातो.