लॅपटॉपसोबत आलेला अँटीव्हायरस मुळासकट काढायचा आहे? कोणती वाट कुणाला सोयीची

नव्या लॅपटॉपवरच्या अँटीव्हायरसची फुकटची मुदत संपली की कोपऱ्यात 'आता पैसे भरा'ची चौकट येऊ लागते. अनइन्स्टॉल करावं तर अर्धं निघतं, अर्धं राहतं. हे काढायच्या वाटा चार-पाच आहेत, पण सगळ्यात पक्की वाट ती प्रत्येकाची वाट नव्हे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत बहुधा एकच कॉम्प्युटर असतो. दुकानाच्या हिशेबाची टॅली, कन्नड टायपिंगच्या नुडीतले अर्ज, श्रीलिपीच्या फॉन्टांत केलेली लग्नपत्रिका, मुलांचे प्रोजेक्ट, सगळं त्याच्यावरच. म्हणून आधी तीन गोष्टी बघा: नेट किती आहे, लाईटचा भरवसा किती आणि मशीनवर पुन्हा मिळणार नाही असं काय आहे.

त्याआधी पैशाचं. कार्ड किंवा यूपीआय दिलेलं असेल तर प्रोग्रॅम काढला म्हणून वर्गणी थांबत नाही. कंपनीच्या वेबसाइटवर लॉगिन करून 'ऑटो रिन्यूअल' बंद करा आणि मगच मशीनला हात लावा.

सेटिंग्जमधून की कंपनीच्या टूलने?

एचपी, डेल, लेनोवोच्या घरगुती लॅपटॉपवर बहुतेकदा मॅकॅफी असतो, काहींवर नॉर्टन. सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स इथे गेलात की एकाच कंपनीच्या दोन-तीन ओळी दिसतात: मूळ प्रोग्रॅम, ब्राउझरमध्ये बसणारा वेबॲडव्हायझर आणि कधी स्टोअरमधून आलेलं छोटं ॲप. माणसं मूळ ओळ काढतात आणि बाकीच्या राहून जातात. जाहिरात पुन्हा दिसते ती बऱ्याचदा यामुळेच. आधी छोट्या ओळी काढा, शेवटी मोठी, आणि मग रीस्टार्ट करा. इथे शटडाउन चालत नाही. विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शटडाउन करताना ड्रायव्हरांची (विंडोजच्या आतून चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांची) अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि काढलेल्याचे अवशेष तसेच परत उठतात.

एवढ्यावर भागलं तर पुढे जायची गरजच नाही. वेळ दहा मिनिटं, नेट जवळजवळ लागत नाही.

भागलं नाही तर कंपनीचं स्वतःचं रिमूव्हल टूल वापरा, आणि आमच्या मते बहुतेक घरांसाठी हीच खरी वाट आहे. अँटीव्हायरस चिवट असतो तो मुद्दामच. व्हायरसने त्यालाच काढून टाकू नये म्हणून तो विंडोजसोबत अगदी सुरुवातीला लोड होतो आणि स्वतःच्या फाइलींना कुणाला हात लावू देत नाही. हे कुलूप कसं उघडायचं ते त्याच कंपनीच्या टूलला ठाऊक असतं.

मॅकॅफीचं टूल एमसीपीआर नावाचं आहे. ते दर वेळी कंपनीच्या साइटवरूनच नवं उतरवा, पेनड्राइव्हवरचं जुनं वापरू नका. फाइलीवर राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' म्हणा. अटी मान्य केल्यावर ते चित्रातली अक्षरं टाइप करायला सांगतं. तिथे कॅपिटल आणि लहान अक्षरं जशीच्या तशी लागतात. मग काही मिनिटं थांबायचं आणि रीस्टार्ट. 'क्लीनअप अनसक्सेसफुल' आलं तर घाबरू नका. रीस्टार्ट करून टूल पुन्हा एकदा चालवा. नॉर्टनच्या टूलमध्ये 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन 'रिमूव्ह ओन्ली' निवडायला विसरू नका, नाहीतर काढून झाल्यावर तो नॉर्टन पुन्हा बसवायला घेतो. अव्हास्टचं टूल सेफ मोडमध्ये (विंडोज अगदी मोजक्या गोष्टींवर चालू करायची पद्धत, ती पुढे दिली आहे) चालवायला सांगतं.

दुकानातून जुळवून घेतलेल्या डेस्कटॉपवर पुण्याच्या क्विक हीलचीही गाठ पडते. तो काढताना दोन पर्याय येतात: अपडेटच्या फाइली ठेवून काढायचा की पूर्ण काढायचा. पूर्ण काढायचा निवडा आणि तत्पूर्वी प्रॉडक्ट की कागदावर उतरवून घ्या. लायसन्सचे महिने शिल्लक असतील तर ती उपयोगी पडेल. पासवर्ड मागितला तर तो बहुधा बसवून देणाऱ्यानेच टाकलेला असतो, त्यालाच विचारा.

सेफ मोड आणि रेव्होसारखी टूल

सेफ मोड ही स्वतंत्र वाट नाही, अडलेल्या टूलला दिलेला हात आहे. शिफ्ट दाबून रीस्टार्ट, मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट आणि ४. दोन अडचणी येतात. सेफ मोडमध्ये विंडोज इन्स्टॉलरची सेवा चालू नसते, म्हणून साधं अनइन्स्टॉल तिथे फसू शकतं. आणि डिस्क एन्क्रिप्ट (कुलूपबंद) केलेली असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात आहे का, हे सेफ मोडमध्ये शिरण्याआधी मोबाइलवर बघून ठेवा.

रेव्होसारखी दुसऱ्याच कंपन्यांची टूल रजिस्ट्रीतले (विंडोजच्या नोंदवहीतले) अवशेष हुडकतात. अँटीव्हायरससाठी आम्ही ती सुचवत नाही. प्रोग्रॅम फाइल्समधला फोल्डर हाताने डिलीट करणं तर नकोच. फाइली जातात, पण नेटवर्कवर पहारा देणारा ड्रायव्हर नोंदीत राहतो आणि वायफाय जोडलेलं दिसूनही एकही पान उघडत नाही. तसं झालंच असेल तर सेटिंग्जमधल्या ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क रीसेट' आहे. वायफायचे पासवर्ड पुन्हा टाकावे लागतील.

रीसेट की कोरं विंडोज?

'रीसेट धिस पीसी' सोपं वाटतं, पण 'कीप माय फाइल्स' निवडल्यावर फक्त फाइली राहतात. टॅली, नुडी, श्रीलिपी हे प्रोग्रॅम जातात. शिवाय कंपनीने मशीनसोबत दिलेली ॲप्स परत आणायची का असा पर्याय दिसला तर 'नो' करा, नाहीतर ज्याच्यासाठी हा खटाटोप केला तोच अँटीव्हायरस परत येतो. 'क्लाउड डाउनलोड'ला (विंडोज नेटवरून उतरवायला) ४ जीबीहून जास्त डेटा जातो. रोजच्या दीड-दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर ते जमणार नाही, मशीनवरच्याच फाइलींतून होणारं 'लोकल रीइन्स्टॉल' घ्या.

सगळं पुसून कोरं विंडोज बसवणं सगळ्यात स्वच्छ. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार होतो. लॅपटॉपसोबत आलेल्या विंडोजची की बहुधा मदरबोर्डमध्येच असते, वेगळी लागत नाही. अडचण ड्रायव्हरांची. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपांवर इन्स्टॉल करताना डिस्कच दिसत नाही. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरचा स्टोरेज आणि वायफाय ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर घ्या. वायफाय राहिलंच तर मोबाइल केबलने जोडून त्याचं नेट लॅपटॉपला देता येतं (यूएसबी टेदरिंग).

पुसण्याआधी टॅलीचा डेटा फोल्डर आणि सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरातले फॉन्ट्स बाहेर काढा. नुडी, श्रीलिपीच्या जुन्या फाइली युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या अक्षरांत) नसतात. तो फॉन्ट नसेल तर पत्रिका उघडते, पण अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. श्रीलिपीची सेटअप फाइल हाताशी नसेल तर ही वाट धरूच नका. लॅपटॉपसोबत मिळालेलं ऑफिस मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडलंय का, तेही पाहा.

पावसाळ्यात खानापूर, जांबोटीकडे लाईटचा नेम नसतो. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर रीसेट किंवा इन्स्टॉल सुरू करू नका. अर्ध्यात लाईट गेली तर विंडोज उठणारच नाही, असं होऊ शकतं.

थोडक्यात निवड अशी: घरी काम चालू असलेलं मशीन असेल तर सेटिंग्ज आणि मग कंपनीचं टूल. नुकताच आणलेला, अजून काहीच न टाकलेला लॅपटॉप असेल तर कोरं विंडोज खुशाल बसवा. रीसेट या दोन्हींच्या मधली वाट, टूल दोनदा चालवूनही जमलं नाही तरच.

गेला की नाही, कसं कळणार

विंडोज सिक्युरिटीत 'मॅनेज प्रोव्हायडर्स' उघडा. अँटीव्हायरसखाली फक्त विंडोजचा स्वतःचा मायक्रोसॉफ्ट डिफेंडर दिसायला हवा. दुसरा गेला की तो आपणहून चालू होतो. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली असली तरी डिफेंडरच्या व्याख्या (नवे व्हायरस ओळखायच्या याद्या) तिथेही येत राहतात, पण विंडोजमधली भोकं त्याने बुजत नाहीत.

आणि सगळं काढूनही 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस' अशी मॅकॅफीच्या नावाची चौकट आली, तर ती मॅकॅफीची नसते. कुठल्यातरी साइटला क्रोममध्ये 'अलाऊ' केलेलं असतं, तिचं ते नोटिफिकेशन. त्यावर क्लिक करू नका. क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स उघडा आणि ओळखीची नसलेली प्रत्येक साइट काढून टाका.