क्लेप परीक्षा: दहा महिने, पाच पेपर आणि रानडेतलं गंजलेलं जर्मन

आधी माझी परिस्थिती सांगते, म्हणजे कुणाला कितपत लागू पडेल ते कळेल. पुण्यात एस. वाय. बी. ए.ला असताना लग्न झालं आणि कॉलेज सुटलं ते सुटलंच. आता न्यू जर्सीत, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, इथल्या काउंटी कॉलेजात अकाउंटिंगच्या असोसिएट डिग्रीला, म्हणजे दोन वर्षांच्या पदवीला, नाव घातलं आहे. डिग्रीला 60 क्रेडिट, म्हणजे अभ्यासक्रम मोजायची एककं, लागतात आणि मला एका क्रेडिटमागे दोनशे डॉलरच्या आसपास फी पडते. तेव्हा वर्गात न बसता क्रेडिट मिळवायची वाट आहे म्हटल्यावर कान टवकारणारच.

ती वाट म्हणजे क्लेप, कॉलेज लेव्हल एक्झामिनेशन प्रोग्राम. 1967 पासून चालू आहे. कॉलेज प्रवेशाची एसएटी घेणारं कॉलेज बोर्डच ही परीक्षाही घेतं. विषय तिसाच्या वर, बहुतेक पेपर 90 मिनिटांचे आणि जवळपास सगळे बहुपर्यायी प्रश्नांचे. गुण 20 ते 80 मध्ये मिळतात. अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनची शिफारस 50 ला पास धरा अशी आहे, पण मानायची की नाही हे ज्याचं त्याचं कॉलेज ठरवतं. या शेवटच्या वाक्यानेच मला पुढे रडवलं. त्याकडे येतेच.

भाषेत इंग्रजीखेरीज फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, बस्स. मराठी नाही, हिंदीही नाही. शाळकरी मुलं कॉलेजच्या क्रेडिटसाठी देतात त्या एपी परीक्षांतही एकसुद्धा भारतीय भाषा नाही. माझी लेक दर रविवारी मराठी शाळेत जाते. इथे काही ठिकाणी अशा शाळेचं हायस्कूलला क्रेडिट मिळतं, पण कॉलेजात तिच्या मराठीचं काय, हा प्रश्न आमच्या घरी अजून सुटलेला नाही. माझ्या मदतीला आलं ते जर्मन. सोळा वर्षांपूर्वी फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये सकाळच्या बॅचला सर्टिफिकेट आणि डिप्लोमा केला होता. त्या काळी पुण्यात निम्म्या मैत्रिणी जर्मन शिकत होत्या, निम्म्या जपानी. मी खरं तर वर्गानंतरच्या वैशाली हॉटेलातल्या कॉफीसाठी जायचे.

पुस्तक उघडल्यावर पहिला आठवडा नुसता लाजेचा गेला. शब्द सगळे धुऊन गेलेले. पण 'आउस, बाय, मिट, नाख, झाइट, फॉन, त्सू' ही डेटिव्हवाल्या, म्हणजे चतुर्थी विभक्ती घेणाऱ्या, अव्ययांची माळ पाढ्यासारखी तोंडातून आपोआप आली. पोळ्या लाटताना म्हणत होते, नवरा दचकला. तीन लिंगांची कल्पना मराठी माणसाला नवी नसते, तो-ती-ते आपल्याकडे आहेच. इंग्रजीवाल्यांना 'दास मेडशन', म्हणजे मुलगी नपुंसकलिंगी, हे ऐकून घेरी येते. आपण लहानपणापासून 'ते पोरगं', 'ते कार्टं' म्हणत आलो आहोत. अर्थात कुठल्या शब्दाला कुठलं लिंग हे मात्र घोकावंच लागतं, तिथे मराठी कामाला येत नाही.

पेपरात बोलायचं नसतं, लिहायचंही नसतं. सुमारे 120 प्रश्न, आधी ऐकण्याचे दोन भाग, मग वाचन. वाचनाला 60 टक्के वजन आहे, त्यामुळे माझ्यासारख्या व्याकरण घोटलेल्यांचं फावतं. ऐकण्याचा पहिला भाग मात्र वाईट. कुणीतरी एक वाक्य बोलतं, मग त्यावरची चार उत्तरंही कानानेच ऐकायची, पडद्यावर छापलेली नसतात. तिसरं ऐकेपर्यंत पहिलं विसरलेलं असतं. त्यात ते 'दोख' आणि 'हाल्ट'सारखे बारके शब्द, आपल्या 'की' आणि 'ना'सारखे. अर्थ काही नाही आणि सगळा अर्थ त्यातच. मी दीड महिना रोज भांडी घासताना जर्मन रेडिओ लावला. खरा उपयोग त्याचाच झाला.

गुण तिथल्या तिथे पडद्यावर येतात. मला 64. जर्मनला 50 म्हणजे पहिली पातळी, 6 क्रेडिट. 60 म्हणजे दुसरी पातळी, शिफारस 9 क्रेडिटची. मी गाडीत बसून आईला फोन केला. पुण्यात पहाट होती, पण तिने उचलला.

आणि मग कॉलेजने 6 च दिली. समुपदेशक बाईंनी आधी तोंडी 'नऊ मिळतील' म्हणून सांगितलं होतं. रजिस्ट्रारच्या खिडकीवर कळलं की आमच्या धोरणात भाषेची जास्तीत जास्त सहाच बसतात. तोंडी आश्वासनाचा पुरावा काय? शून्य. यापुढे परीक्षेची तारीख घ्यायच्या आधी एकच काम करायचं: कोणता पेपर, किती गुणांना, किती क्रेडिट आणि डिग्रीच्या कुठल्या रकान्यात, हे ईमेलवर विचारून लेखी उत्तर घ्यायचं.

दुसऱ्यांदाही तोंडावर पडले, तेही याच कारणाने. फायनान्शियल अकाउंटिंगचा पेपर दिला, 58 मिळाले. पण अकाउंटिंग हाच मुख्य विषय असल्याने विभाग म्हणाला, तो कोर्स आमच्याकडेच करा. फी आणि केंद्राचं शुल्क मिळून शंभरावर डॉलर पाण्यात. पुढे सीपीए, म्हणजे इथलं सी. ए., करायचं असेल त्यांनी राज्याच्या बोर्डाचे नियमही आधी बघावेत.

मानसशास्त्र आणि मार्केटिंग सोपे गेले, म्हणजे अभ्यास केला तर सोपे. दोन्हींसाठी मॉडर्न स्टेट्स या संस्थेचा ऑनलाइन कोर्स केला. कोर्स फुकट, आणि पूर्ण केल्यावर परीक्षेच्या फीचं व्हाउचरही मिळतं. व्हिडिओ कंटाळवाणे आहेत, प्राध्यापक मंडळी फळ्याकडे बघून बोलतात, पण फुकटात आणखी काय हवं! अमेरिकेचा इतिहास, भाग एक, यात मात्र 47 ला नापास झाले. शिवाजी महाराजांच्या लढाया तारखांसकट येणाऱ्या बाईला १७७६च्या आधीच्या तेरा वसाहती एकसारख्याच दिसतात. पुन्हा बसायला तीन महिने थांबावं लागतं. थांबले, दुसऱ्यांदा 55.

किरकोळ पण आधी माहीत असलेलं बरं: चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, रिकामं काही सोडू नका. अशा क्रेडिटला बहुधा श्रेणी मिळत नाही, त्यामुळे जीपीए, म्हणजे श्रेणींची सरासरी, ना वाढतो ना घसरतो. माझा वाढायला हवा होता, तिथे काही उपयोग नाही. परीक्षेच्या वेळी एका कॉलेजला निकाल फुकट जातो, त्यामुळे कॉलेजचं नाव तेव्हाच भरा. आणि काउंटी कॉलेजने मान्य केलेलं क्रेडिट पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात तसंच धरलं जाईल असं नाही, ते मूळ गुण मागून स्वतः ठरवू शकतात.

आजवर पाच पेपर उत्तीर्ण, त्यातले चार कामी आले, 15 क्रेडिट झाली. जर्मनची उरलेली तीन मी सोडलेली नाहीत. ज्या विद्यापीठात पुढे जायचा विचार आहे त्यांना परवा ईमेल केला, 64 ला काय देता म्हणून. उत्तर आलं की छापून फाइलला लावणार आहे.