रायझन ७ ५८००एक्सचं अंडरव्होल्टिंग: काही महिने वापरल्यावर

एएमडीचा ५८००एक्स हा प्रोसेसर तापतो हे घेण्याआधीच ठाऊक होतं. आठही कोअर एकाच छोट्या चिपलेटमध्ये (सिलिकॉनच्या तुकड्यात), त्यात वीज खेचायची मुभा १४२ वॅटपर्यंत. व्हिडिओ रेंडरला लावला की तापमान ८५ अंशांच्या पुढे. ९० अंशांपर्यंत चालणं या प्रोसेसरला मंजूर आहे, त्यामुळे बिघडत काहीच नव्हतं. पंख्याचा आवाज मात्र नकोसा व्हायचा. म्हणून अंडरव्होल्टिंग, म्हणजे प्रोसेसरला मिळणारं व्होल्टेज थोडं कमी करणं.

नवख्यांची पहिली भीती असते प्रोसेसर जळण्याची. व्होल्टेज कमी केल्याने तो जळत नाही. कमी पडलं तर मशीन लटकतं, निळा स्क्रीन येतो किंवा आपोआप रिस्टार्ट होतं. जपायचं ते डेटाला, कारण नेमकी फाइल सेव्ह होताना मशीन बंद पडू शकतं. बॅकअप आधी, बाकी नंतर. मशीन सुरूच झालं नाही तर सीमॉस (मदरबोर्डवरची सेटिंगची मेमरी) क्लिअर करायचं, की बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर, मूळ सेटिंगवर येतं. त्याच्या पिना कुठे आहेत हे मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये आधीच पाहून ठेवा. बायोसमध्ये पीबीओ (एएमडीची बूस्ट वाढवायची सोय) उघडताना वॉरंटीबद्दल इशारा येतो, तोही वाचूनच पुढे जा.

बदल करायचा तो पीबीओमधल्या कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये, तिथे कोअरचं व्होल्टेज पायरीपायरीने कमी-जास्त करता येतं. तिथली एक पायरी साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टची. जो तो ‘सरळ उणे ३० टाक’ म्हणतो. माझ्या मते नवख्याने तिकडे फिरकूच नये. मी सगळ्या कोअरना उणे १० देऊन सुरुवात केली आणि हळूहळू उणे १५ वर आणलं.

आता गंमत. एवढ्याने तापमान जवळपास हललंच नाही! व्होल्टेज वाचलं की बूस्टला (आपोआप वेग वाढवण्याला) जागा मिळते आणि प्रोसेसर तेवढा जास्त वेगाने पळतो. गारवा हवा असेल तर वीजमर्यादाही खाली आणावी लागते. पीपीटी (प्रोसेसरची एकूण वीजमर्यादा) १४२ वरून ११० वॅटवर आणली तेव्हा कुठे रेंडरमध्ये तापमान सत्तरीत उतरलं आणि पंखा शांत झाला. रेंडरच्या वेळेत म्हणावा असा फरक नाही. मला विचाराल तर अर्ध्याहून जास्त काम या एका आकड्याने केलं.

चाचणीबद्दल थोडं सविस्तर. सिनेबेंच (सगळ्या कोअरना राबवणारी चाचणी) तासभर चाललं म्हणजे जमलं, असं धरून चालू नका. सगळे कोअर राबत असताना घड्याळ (क्लॉक, म्हणजे कोअरचा वेग) खालीच असतं. एकच कोअर सर्वोच्च बूस्टवर जातो तो हलक्या कामात, ब्राउझर उघडताना वगैरे, आणि दगा तिथेच होतो. म्हणून कोअरसायकलर हे सॉफ्टवेअर रात्रभर लावावं, ते एकेका कोअरला वेगळं तपासतं. माझ्याकडे उणे १५ वर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीआ-लॉगरची (हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्याची) १८ क्रमांकाची नोंद दिसली, अपिक आयडी (चुकलेल्या थ्रेडचा क्रमांक) ६. एसएमटी (एका कोअरवर दोन थ्रेड) चालू असल्याने त्याला दोनाने भागायचं: कोअर ३, मोजणी शून्यापासून. एएमडीचं रायझन मास्टर सॉफ्टवेअर ज्याला तारा देतं तोच हा, सर्वांत वेगवान कोअर. अशा कोअरना वाव कमीच असतो. त्याला एकट्याला उणे ८ वर आणलं, बाकीचे जिथे होते तिथेच ठेवले. त्यानंतर अशी नोंद पुन्हा दिसलेली नाही.

आणखी एक, एचडब्ल्यूइन्फो या देखरेखीच्या सॉफ्टवेअरमध्ये इफेक्टिव्ह क्लॉक (प्रत्यक्षात मिळणारा वेग) बघत जा. पूर्ण लोडखाली तो दाखवलेल्या घड्याळापेक्षा बराच मागे पडत असेल, तर व्होल्टेज अपुरं आहे आणि प्रोसेसर गुपचूप वेग कापतोय. बेंचमार्कचा स्कोअर घसरला तरी हेच समजा.

इंटेलवाल्यांचं गणित वेगळं. २०१९ साली प्लंडरव्होल्ट ही त्रुटी (व्होल्टेज बदलून सुरक्षा फोडू देणारी) उघड झाल्यापासून बऱ्याच मशीनवर व्होल्टेजची सोय कुलूपबंद आहे, तेव्हा आधी बायोसमध्ये ती आहे का ते बघा. तेराव्या-चौदाव्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर अंडरव्होल्टिंगच्या आधी नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर) असलेलं बायोस टाकून घ्या.

आणि बायोस अपडेट केलं की ही सगळी सेटिंगं बहुतेक वेळा उडतात. आकड्यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नव्या बायोसवर ते पुन्हा टाकलेत तरी रात्रभराची चाचणी चुकत नाही.