श्नायडरहानचा बीथोव्हन: पावसाळाभर ऐकल्यानंतर

व्हायोलिनवादक वोल्फगांग श्नायडरहान यांनी वाद्यवृंद-संचालक ऑयगेन योखुम आणि बर्लिन फिलहार्मोनिक वाद्यवृंदासोबत १९६२ मध्ये ध्वनिमुद्रित केलेला बीथोव्हनचा व्हायोलिन कंचेर्टो, म्हणजे एकटं व्हायोलिन आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना, पावसाळ्यापासून माझ्या ऐकण्यात आहे. हा कंचेर्टो लावायचा म्हटलं की हात आता याच मुद्रणाकडे जातो, आणि त्याला मुख्य कारण पहिल्या भागातली कॅडेन्झा.

रचना सुरू होते टिंपनीच्या, म्हणजे वाद्यवृंदातल्या नगाऱ्यांच्या, पाच हलक्या ठोक्यांनी. तोच ठेका पुढे कधी व्हायोलिनांत, कधी हॉर्नमध्ये डोकावत राहतो. मग वाद्यवृंद थांबतो आणि एकट्या वादकाला मोकळीक मिळते, ती कॅडेन्झा. १८०६ मध्ये व्हिएन्नात फ्रांझ क्लेमेंटनं हा कंचेर्टो प्रथम वाजवला, तेव्हा ही जागा वादकानंच भरायची असे. बीथोव्हननं व्हायोलिनसाठी ती लिहून ठेवली नाही. आज बहुतेक जण व्हायोलिनवादक फ्रिट्झ क्राइसलरनं लिहिलेली वाजवतात. ती देखणी आहे, पण तिच्यात टिंपनी गप्प असते.

पुढे बीथोव्हननं याच कंचेर्टोचं पियानोसाठी रूपांतर केलं. त्यासाठी मात्र त्यानं कॅडेन्झा लिहिली आणि तिच्यात टिंपनीला सोबतीला घेतलं. श्नायडरहान यांनी तीच व्हायोलिनवर उतरवली. दोन हातांचं काम चार तारांवर आणायचं, म्हणजे जोडस्वरांची झोंबाझोंबी आलीच, आणि ती स्पष्ट ऐकू येते. मग अचानक लष्करी चालीचा ठेका सुरू होतो, खालून टिंपनी उत्तर देते, आणि दोघांचे सवाल-जवाब रंगतात. पहिल्यांदा दचकायला होतं. पण सुरुवातीचे ते पाच ठोके कानात असले, की टिंपनी इथे बोलायलाच हवी होती असं वाटतं.

त्याहून मोठी जागा लगेच पुढे आहे. एवढा दंगा संपतो आणि व्हायोलिन खालच्या तारांवर ती साधी, परिचित धून धरतं. साथीला बोटांनी छेडलेल्या तारा, मग बसून (bassoon) या फुंकवाद्याचा एक आर्जवी सूर. श्नायडरहान इथे काहीच ‘करत’ नाहीत. कंप बेताचा, गज सरळ, सूर स्वच्छ. व्हिएन्ना फिलहार्मोनिकमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं कॉन्सर्टमास्टर, म्हणजे व्हायोलिनवादकांचे प्रमुख, म्हणून काढली; इतरांचं ऐकत वाजवण्याची ती सवय या जागी फार उपयोगी पडली आहे, असं माझं ठाम मत आहे.

मधला संथ भाग योखुम अगदी निवांत घेतात. घाईत असताना तो लावू नये. शेवटचा भाग, राँडो, छान आहे, पण त्यात थोडा अधिक खट्याळपणा मला चालला असता.

लोकलमध्ये इअरफोनवर हे ऐकण्यात अर्थ नाही, हळू जागा गाडीच्या आवाजात बुडतात. घरी, स्पीकरवर, आवाज जरा वाढवून ऐका. ज्यांना भरदार, गोलाईदार सूर हवा, त्यांनी व्हायोलिनवादक डेव्हिड ऑइस्ट्राख आणि संचालक आंद्रे क्लुइटेन्स यांचं याच कंचेर्टोचं १९५८ चं मुद्रण घ्यावं. तिथे कॅडेन्झा क्राइसलरची आहे, आणि सूर असा की तक्रारीला जागाच राहत नाही.