झेडएफ ८एचपी ऑइल चेंज किट : किट चोख आहे, परीक्षा आहे ती तेलाच्या पातळीची

बीएमडब्ल्यूच्या सर्व्हिस वेळापत्रकात ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाचं नाव नसतं. ते ‘आयुष्यभराचं’ मानलं जातं. ज्यांनी तो गिअरबॉक्स बनवला ते झेडएफ कंपनीवाले मात्र वेगळं सांगतात : वापरानुसार ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरवर, नाहीतर फार तर ८ वर्षांनी तेल बदला. दामटून चालवलेल्या, वरचेवर तापणाऱ्या गाडीला त्याहूनही लवकर. या वादात बनवणाऱ्याचं ऐकावं. ट्यून केलेल्या, म्हणजे सॉफ्टवेअरने ताकद वाढवलेल्या गाडीत तर ६०,००० वरच बदलावं, असं आमचं मत आहे.

८एचपी हा झेडएफचा आठ गिअरांचा गिअरबॉक्स २००९ मध्ये बीएमडब्ल्यू ७६०एलआयमधून आला आणि आज एम१४०आय, एम३४०आय, एक्स३ एम४०आय, एफ९० एम५ अशा सगळ्यांच्या पोटात त्याच कुळातला गिअरबॉक्स आहे. त्यामुळे हे किट किती जणांच्या कामाचं आहे हे वेगळं सांगायला नको.

खोक्यात निघतं ते असं : फिल्टर आतच बसवलेला प्लास्टिकचा पॅन (गिअरबॉक्सच्या तळाची तेलाची थाळी), त्याचं रबरी गॅस्केट, नवे बोल्ट, ड्रेन प्लग (तेल काढायच्या भोकाचं बूच) आणि झेडएफच्या लाइफगार्डफ्लुइड ८ या तेलाच्या एक लिटरच्या ७ बाटल्या. तेल हिरव्या रंगाचं असतं. आधीच्या सहा गिअरांच्या ६एचपीला लागणारं लाइफगार्डफ्लुइड ६ वेगळं. ‘झेडएफचंच आहे ना’ म्हणून ते यात ओतू नये. फिलर प्लग (तेल भरायच्या भोकाचं बूच) किंवा त्याची ओ-रिंग किटमध्ये आहे की नाही हे मात्र मागवण्याआधी यादीत बघून घ्या. नसेल तर वेगळी मागवा, कारण जुनी ओ-रिंग दाबून चपटी झालेली असते.

फिल्टर बदलायचा तर अख्खा पॅन का टाकून द्यायचा, हा प्रश्न रास्त आहे. फिल्टर पॅनमध्येच बंदिस्त आहे, सुटा मिळतच नाही, हे एक. दुसरं म्हणजे वर्षानुवर्षं तापून गार होताना प्लास्टिकच्या कडा किंचित वाकतात, आणि मग गॅस्केट कितीही नवं असलं तरी कोपऱ्यातून तेल पाझरत राहतं. मूळ रचनाच खर्चिक आहे. किटचा त्यात दोष नाही.

किट निवडताना गाडीच्या मॉडेलवर विसंबू नका. गिअरबॉक्सच्या अंगावर प्लेट असते, तिच्यावर प्रकार आणि झेडएफचा दहा अंकी क्रमांक कोरलेला असतो. ८एचपी४५ आणि ८एचपी७० चे पॅन एकच नाहीत, आणि एकाच मॉडेलमध्ये इंजिनाप्रमाणे गिअरबॉक्स बदलतो. आकडा साधारण टॉर्कची क्षमता सांगतो : ४५ म्हणजे ४५० न्यूटन मीटर, ७० म्हणजे ७००. ऑडीच्या आरएस६, आरएस७ मध्ये कूळ हेच, पण तिथे पुढचा डिफरन्शियल (दोन चाकांत जोर वाटणारा भाग) गिअरबॉक्सच्याच घरात, म्हणजे धातूच्या आवरणात असतो आणि त्याचं तेल वेगळं असतं. बीएमडब्ल्यूचं किट आणि पुढे दिलेले आकडे तिकडे लावू नका.

हत्यारं : टी४० टॉर्क्स, ८ आणि १० मिलिमीटरच्या ॲलन की, ५ ते २५ न्यूटन मीटरमध्ये अचूक चालणारा छोटा टॉर्क रेंच, हातपंप, मापाच्या खुणा असलेलं भांडं आणि गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान दाखवणारा स्कॅनर. शेवटची वस्तू नसेल तर कामाला हात घालू नये. इन्फ्रारेड थर्मामीटरने पॅनचं तापमान मोजणारे असतात, पण प्लास्टिकचा बाहेरचा पृष्ठभाग आतल्या तेलापेक्षा बराच गार असतो.

पहिला नियम : फिलर प्लग सैल झाल्याशिवाय ड्रेन प्लगला हात लावायचा नाही. फिलर प्लग एका बाजूला, एक्झॉस्टच्या जवळ असतो, आणि वर्षानुवर्षं उष्णता खाऊन घट्ट बसलेला असतो. तेल काढून टाकल्यावर तो निघाला नाही किंवा त्याचं तोंड गोल झालं, तर गाडी जागेवर अडकली. फोर-व्हील ड्राइव्हच्या गाड्यांत जागा आणखी अरुंद. तिथे छोटी ॲलन बिट आणि वाकणारा जोड लागतो. काही मॉडेलांत पॅन खाली येण्यासाठी मजबुतीची पट्टी किंवा गिअरबॉक्सचा आडवा आधार काढावा लागतो. तसं असेल तर गिअरबॉक्सला जॅकचा टेकू द्यायचा, पण पॅनवर नाही, धातूच्या घरावर.

तेल काढलं की ते मोजा. फेकून देण्याआधीचा हा आकडा फार उपयोगाचा. पॅन उतरवल्यावर साधारण ५ ते ६ लिटर निघतं. चार लिटरच निघालं तर तेल आधीच कमी होतं, म्हणजे कुठेतरी गळती आहे किंवा आधीच्या कुणी पातळी चुकवली आहे.

पॅनचे १३ बोल्ट एकेक करून, कोपऱ्यातले शेवटी. पॅन खाली ओढताना फिल्टरची नळी वरच्या भोकातून निसटते, आणि इथे एक चूक वारंवार होते : नळीची जुनी रबरी रिंग वर भोकातच चिकटून राहते. नवा पॅन नव्या रिंगसकट तसाच वर चढवला की दोन रिंगा एकावर एक बसतात, नळी तिरकी होते आणि पंप तेलाबरोबर हवा ओढू लागतो. मग गिअर उशिरा लागतो आणि दोष नव्या तेलाला दिला जातो. टॉर्च मारून भोकात बघा, बोट फिरवा. नव्या रिंगला नवं तेल चोळून मगच पॅन बसवा.

जुन्या पॅनमधल्या चुंबकांवर काळपट राखाडी, लोण्यासारखा मऊ थर असेल तर काळजी नको; ती नेहमीची झीज आहे. बोटांना टोचणारे कण किंवा चमकदार पत्र्याचे तुकडे सापडले तर किट परत खोक्यात ठेवा आणि गिअरबॉक्स उघडणाऱ्याला गाठा. तेलाला करपट वास असेल तर बहुधा आतले क्लच घसरून जळाले आहेत.

घराची कड नुसत्या न विणलेल्या कापडाने पुसायची. ब्रेक क्लीनर वरच्या मेकॅट्रॉनिकवर (गिअर बदलणाऱ्या व्हॉल्व्ह आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या भागावर) फवारायचा नाही, आणि सिलिकॉन तर अजिबात लावायचं नाही. गॅस्केट खाचेत कोरडं बसतं. सिलिकॉनचा दाबून आत आलेला तुकडा थेट फिल्टरच्या तोंडाशी जातो.

बोल्टांचं काय ते नीट समजून घ्या. कारखान्यातून अनेक गाड्यांना ॲल्युमिनियमचे बोल्ट येतात. ते एकदाच वापरायचे. ४ न्यूटन मीटर आणि वर ४५ अंश असं त्यांचं गणित. किटमध्ये पोलादी बोल्ट असतील तर सरळ १० न्यूटन मीटर, मधून बाहेर, आलटूनपालटून. चुंबक चिकटवून बघितलं की कोणते आहेत ते कळतं. हाताच्या अंदाजाने आवळणाऱ्यांकडून प्लास्टिकची कड चिरडते किंवा घरातले आटे जातात, आणि आटे गेल्यावर होणारा खर्च किटच्या कितीतरी पट. प्लास्टिकचा ड्रेन प्लग ८ न्यूटन मीटर, फिलर प्लग ३५. आपल्या गिअरबॉक्सच्या माहितीपत्रकात वेगळा आकडा असेल तर तोच खरा.

आता पातळी. या गिअरबॉक्सला डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी नाही. फिलरच्या भोकातून तेल ओघळलं म्हणजे भरलं, एवढंच मोजमाप. पण कधी ओघळलं याला महत्त्व आहे.

गाडी चारही बाजूंनी सारखी उचललेली, लेव्हल लावून पाहिलेली हवी. भोक बाजूला असल्यामुळे नुसतं पुढचं नाक वर असलं तरी पातळी चुकते. इंजिन बंद असताना ओघळेपर्यंत भरा. मग इंजिन सुरू करा. पंप लगेच तेल कन्व्हर्टरमध्ये (इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) आणि वाहिन्यांत ओढतो, पातळी झपकन खाली जाते, तेव्हा न थांबता परत ओघळेपर्यंत भरा. ब्रेक दाबून आर, डी आणि हाताने दुसरा, तिसरा असे प्रत्येकी तीनेक सेकंद लावा. चाकं हवेत असतात, ब्रेक सुटला तर ती फिरतील; खाली कुणी नको. परत पी. आता स्कॅनरवर तापमानाकडे बघत राहायचं. ३० ते ५० अंश ही मुभा आहे, पण ४० च्या आसपास पातळ धार थांबून थेंब पडू लागले की प्लग लावायचा. आणि प्लग लावेपर्यंत इंजिन बंद करायचं नाही. बंद केलंत तर वर गेलेलं तेल पॅनमध्ये उतरतं आणि उघड्या भोकातून जमिनीवर येतं.

तापमानाचा एवढा हट्ट का? तेल तापलं की फुगतं. ६५ अंशांवर ओघळलेली पातळी गार झाल्यावर कमी भरते : सकाळी डी लावल्यावर क्षणभर काहीच होत नाही, जोरात ब्रेक मारून वळलं की पंप हवा खातो. २० अंशांवर ठरवली तर उलट : गरम झाल्यावर तेल फिरत्या भागांना लागून फेसाळतं आणि फेसाळलेलं तेल दाब धरत नाही. किट बदलल्यावर ‘पूर्वीपेक्षा वाईट चालते’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिच्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

निघालं तेवढंच किंवा थोडं जास्त आत गेलं पाहिजे. त्यामुळे सातवी बाटली बऱ्याचदा उरते. ती जपून ठेवा, सील न तोडता.

सात लिटर म्हणजे सगळं तेल बदललं असं मात्र समजू नका. पूर्ण गिअरबॉक्स कोरडा असेल तर त्यात ९ लिटरच्या आसपास मावतं. बाकीचं कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये अडकून राहतं. साडेपाच लिटर बदललं तर साधारण ६१ टक्के नवं झालं. हजारभर किलोमीटरनंतर तेवढंच पुन्हा बदललं तर ८५ टक्क्यांपर्यंत जातं. नुसता ड्रेन प्लग उघडून थोडं कमी निघतं, पण दुसऱ्या खेपेला नवा पॅन लागत नाही, त्यामुळे खर्च फक्त तेलाचा. मशीन लावून रसायनाने ‘फ्लश’ करणाऱ्यांपासून लांब राहा. ते रसायन कन्व्हर्टरमध्ये किती उरलं हे कुणालाच सांगता येत नाही.

ट्यूनिंगवाल्यांसाठी. एम३४०आय कारखान्यातून ५०० न्यूटन मीटर देते. साध्या सॉफ्टवेअरनेही हा आकडा बराच वर जातो आणि तो सगळा भार क्लचच्या चकत्यांवर येतो. एक्सएचपीसारखं गिअरबॉक्सचं सॉफ्टवेअर टॉर्कची मर्यादा सरकवतं, दाब वाढवतं, गिअर बदलण्याचा वेळ कमी करतं. हे सगळं तेलाच्या घर्षणगुणांवर उभं आहे. म्हणून क्रम असा : आधी तेल, मग काही दिवस चालवून गिअरबॉक्स शांत आहे याची खात्री, मग सॉफ्टवेअर. हलक्या पायाने ६० ते ८०च्या वेगात, कमी आरपीएमवर रस्त्यावर उंचवटे असावेत अशी थरथर जाणवत असेल, तर कन्व्हर्टरच्या दोन बाजू थेट जोडणारा लॉकअप क्लच कुरकुरतोय. नव्या तेलाने ती कधी जाते, कधी जात नाही. पण तिच्यावर सॉफ्टवेअरची स्टेज ३ चढवणं म्हणजे रोग झाकणं.

ॲडॅप्टेशन, म्हणजे गिअरबॉक्सने वापरातून शिकलेली जुळणी, रीसेट करावं का? गिअर गुळगुळीत पडत असतील तर करू नका. गिअरबॉक्स नव्या तेलाशी स्वतःच जुळवून घेतो. आधीपासून झटके असतील तर बीएमडब्ल्यूच्या इस्टा या निदान-सॉफ्टवेअरमधून किंवा तत्सम साधनातून रीसेट करा आणि मग तेल नीट तापल्यावर हलक्या पायाने सगळे गिअर वर-खाली होतील, गाडी आपोआप थांबेपर्यंत सरकेल असं चालवा. सुरुवातीचे झटके या काळात सहन करावे लागतात.

पर्याय? तेलात रॅव्हेनॉलचं एटीएफ ८एचपी आहे, याच गिअरबॉक्ससाठी बनवलेलं. पॅन झेडएफचा आणि तेल हे, अशी जोडी चालते. उलटी जोडी, म्हणजे तेल अस्सल आणि पॅन बेनाम, ही आम्हाला पटत नाही. स्वस्त पॅनमध्ये फिल्टरचा कागद कसला आहे ते दिसत नाही, चुंबक असतातच असं नाही. ॲल्युमिनियमचे, सुटा फिल्टर बसणारे पॅनही मिळतात. कड वाकत नाही, पुढच्या वेळी फक्त फिल्टर घ्यायचा, हे दोन्ही फायदे खरे. गार राखण्याचा दावा मात्र फुगवलेला वाटतो, कारण उष्णता काढण्याचं मुख्य काम हीट एक्स्चेंजर (तेलाचा कूलर) करतो. पॅन जास्त खोल असेल तर जमिनीपासूनची उंची आधी मोजा, खाली उतरवलेल्या गाडीत तर नक्कीच, आणि तेल जास्त लागेल ते वेगळंच. ट्रॅकवर नियमित जाणाऱ्याने घ्यावा. इतरांना प्लास्टिकचा पुरतो.

एक सूचना गळती बघून किट मागवणाऱ्यांना. ओलावा पॅनच्या कडेला आहे, वायरिंगच्या कनेक्टरजवळ आहे की पुढे इंजिनाच्या सांध्यातून येतोय, हे आधी पुसून, वीस-तीस किलोमीटर चालवून बघा. हिरवट तेल गिअरबॉक्सचं, काळं किंवा तपकिरी बहुधा इंजिनाचं. फार जुनं गिअरबॉक्सचं तेलही काळवंडतं, म्हणून रंगापेक्षा ओघळ कुठून सुरू होतो त्याच्यावर भरवसा ठेवा. पॅनखेरीज दुसरीकडून येत असेल तर हे किट ती गळती थांबवणार नाही.