चाइल्ड बेनिफिट : घर बदलले की रक्कम कशी बदलते

१९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्या आजी-आजोबांच्या जन्मनोंदीच्या आधारे पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडला गेलेली घरे आता केवळ सासष्टी-बार्देशातली राहिलेली नाहीत. फोंडा, डिचोली आणि पेडणे तालुक्यांतील मराठी बोलणारी काही कुटुंबेही स्विंडन आणि साऊथॉल येथे स्थिरावली आहेत. त्यांच्या हिशेबाचे कागद मात्र अजूनही बहुधा गोव्यातच वाचले जातात, कारण घरात आकडेमोड जमणारा माणूस इकडेच राहिलेला असतो. त्या नात्याने माझ्या भाचीचे आणि तिच्या ओळखीतल्या एकदोन घरांचे, मुलांच्या संगोपनासाठी घराला पैसे देणाऱ्या ब्रिटन सरकारच्या चाइल्ड बेनिफिट या सेवेसंबंधीचे व्यवहार मी काही वर्षे पाहत आलो आहे. अशा सेवेची पारख घरात सगळे सुरळीत असताना होत नाही. नवरा-बायको वेगळे होतात, पगार वाढतो, मूल सोळा वर्षांचे होते किंवा आजीच्या आजारपणामुळे सर्वांना गोव्याला यावे लागते, तेव्हा ती कशी वागते यावरच तिची किंमत ठरते. माझ्या मते तिचे नियम चोख आहेत, परंतु बदल झाल्याचे तिला स्वतःहून कळावे यासाठी जो उपाय योजला गेला तो अगदीच कच्चा निघाला.

आधी रक्कम. २०२५-२६ या करवर्षात पहिल्या मुलासाठी आठवड्याला २६.०५ पौंड आणि त्यानंतरच्या प्रत्येक मुलासाठी १७.२५ पौंड मिळत होते, आणि पुढचे हिशेब त्याच दराने मांडले आहेत. पैसे साधारणतः दर चार आठवड्यांनी, सोमवारी किंवा मंगळवारी, खात्यात जमा होतात. भाचीला दोन मुले असल्यामुळे ब्रिटनच्या महसूल खात्याच्या, म्हणजे एचएमआरसीच्या, मोबाइल अॅपमध्ये तिच्या नावापुढे त्या वर्षी दर वेळी १७३.२० पौंडांची ओळ दिसायची. या पैशांसाठी दरवर्षी उत्पन्नाचा दाखला द्यावा लागत नाही, की हयातीचा पुरावा घेऊन कोणाच्या दारात उभे राहावे लागत नाही. मात्र ज्यांच्या व्हिसावर सरकारी निधीचा लाभ घेता येणार नाही अशी अट असते, त्यांना ही सेवा मिळत नाही. युरोपीय नागरिकांसाठीच्या योजनेखाली कायम वास्तव्याचा दर्जा मिळालेल्या गोंयकारांना ती अडचण येत नाही.

कुटुंबाची रचना बदलली की ही रक्कम कशी हलते, हा या सेवेचा सर्वांत विचारपूर्वक घडवलेला भाग आहे. मोठ्या मुलाचा हक्क संपला तर २६.०५ पौंड जातात असे वाटते. प्रत्यक्षात धाकटे मूल त्या वरच्या दरावर चढते आणि आठवड्याला केवळ १७.२५ पौंड कमी होतात. पतिपत्नी विभक्त होऊन एक मूल आईकडे आणि एक वडिलांकडे राहिले, तर दोघांनाही आपापल्या मुलासाठी वरचा दर मिळतो, म्हणजे ४३.३० पौंडांच्या जागी दोन्ही घरांत मिळून ५२.१० पौंड येतात. याउलट, एकेक मूल असलेली दोन माणसे नव्याने संसार मांडतात तेव्हा ते एकच कुटुंब धरले जाते, वरचा दर सर्वांत मोठ्या मुलालाच लागू होतो आणि बेरीज पुन्हा ४३.३० वर येते. एकाच मुलासाठी मात्र दोघांना पैसे मिळत नाहीत. मूल आठवड्यातले निम्मे दिवस इकडे आणि निम्मे तिकडे राहत असेल तर अर्ज कोणी करायचा हे आईवडिलांनी ठरवावे, आणि त्यांचे एकमत झाले नाही तर महसूल खाते ठरवते. वेगळ्या झालेल्या वडिलांकडून येणारी पोटगी या रकमेतून वजा होत नाही, हेही मला योग्य वाटते, कारण पोटगी थकते तेव्हा आईच्या हातात निदान एवढे तरी खात्रीने पडते.

हे पैसे आईच्या हाती जावेत हा आग्रह तसा जुना आहे. १९४६ च्या ऑगस्टपासून ब्रिटनमध्ये दुसऱ्या मुलापासून पुढे कुटुंब भत्ता मिळू लागला, १९७७ मध्ये चाइल्ड बेनिफिटने त्याची जागा घेतली आणि पहिल्या मुलाचाही समावेश झाला. अर्ज कोणाच्या नावाने करावा याला आजही महत्त्व आहे. मूल बारा वर्षांचे होईपर्यंत, नोकरी न करणाऱ्या अर्जदाराला सरकारी पेन्शनसाठी लागणाऱ्या राष्ट्रीय विम्याच्या वर्षांचे श्रेय मिळते आणि पूर्ण पेन्शनसाठी अशी ३५ वर्षे लागतात. नवरा नोकरीला आणि बायको घरी असताना केवळ सवयीने नवऱ्याच्या नावाने अर्ज भरणारी आपल्याकडची मंडळी हा लाभ वाया घालवतात.

उत्पन्नाचा नियम मात्र मला पटलेला नाही. एप्रिल २०२४ पासून ज्याचे वार्षिक उत्पन्न ६०,००० पौंडांच्या वर जाते, त्याला प्रत्येक २०० पौंडांमागे बेनिफिटचा एक टक्का कररूपाने परत करावा लागतो, आणि ८०,००० वर सगळेच पैसे परत जातात. हे उत्पन्न घराचे नव्हे, तर दोघांपैकी जास्त कमावणाऱ्या एकाचे पाहिले जाते. त्यामुळे प्रत्येकी ५९,००० कमावणाऱ्या जोडप्याला पूर्ण रक्कम मिळते आणि एकट्याच्या ८०,००० वर चालणाऱ्या घराला काहीच उरत नाही. गोव्यातल्या गृहिणींसाठीच्या आपल्या गृह आधार योजनेत महिन्याला १,५०० रुपये मिळण्यासाठी पतिपत्नीचे एकत्रित वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असावे लागते. ती मर्यादा फार खाली आहे हे खरे, तथापि घर एक मानून हिशेब करण्याची गोव्याची पद्धत या बाबतीत अधिक न्याय्य आहे. शिवाय विभक्त झालेल्या आईने नवा जोडीदार घरी आणला आणि त्याचा पगार मोठा असला, तर मूल त्याचे नसतानाही तो कर त्याच्यावर बसतो. पैसे घेऊन परत करण्याची कटकट नको असेल तरीही अर्ज भरावा आणि त्यात रक्कम नको एवढेच नोंदवावे, म्हणजे वर सांगितलेले विम्याचे श्रेय सुटत नाही.

मूल सोळा वर्षांचे झाले की, त्यानंतरच्या ३१ ऑगस्टला पैसे थांबतात. पुढील शिक्षण चालू असल्याचे कळवले तर मात्र ते वीस वर्षांपर्यंत चालू राहू शकतात. ए लेव्हल, म्हणजे तिकडची बारावीच्या दर्जाची परीक्षा, चालते, विद्यापीठातील पदवी चालत नाही आणि पगारी अॅप्रेंटिसशिपही चालत नाही. पत्र वेळेवर येते आणि उत्तर अॅपवरून देता येते. येथे तक्रारीला जागा नाही.

गोव्याच्या माणसाला सर्वाधिक जपावे लागते ते परदेशातील मुक्कामाच्या नियमाला. आई तात्पुरती ब्रिटनबाहेर गेली तर आठ आठवड्यांपर्यंत पैसे चालू राहतात. स्वतःचे, मुलाचे किंवा नातेवाइकाचे उपचार असोत, किंवा जवळच्या माणसाचे निधन झालेले असो, ही मुदत बारा आठवड्यांपर्यंत जाते. तिकडील शाळांची उन्हाळी सुट्टी साधारण सहा आठवड्यांची असल्याने नेहमीच्या भेटीला काहीच धोका नसतो. धोका असतो तो सुट्टीला जोडून चवथ करून जाऊ, मग आलोच आहोत तर म्हाळही आटपू, अशा वाढत जाणाऱ्या मुक्कामात. भाचीने एकदा फोनवर विचारले, ‘‘मामा, धाकट्याला वर्षभर आईकडे ठेवलं तर चालेल ना? नाव तर तिकडच्या शाळेतच आहे.’’ चालत नाही. नाव शाळेत असणे पुरेसे नाही, मूल तिथे राहत असले पाहिजे. ठरावीक मुदत उलटल्यावर त्याचे पैसे थांबतात आणि कळवले नाही तर घेतलेली जादा रक्कम वसूल होते, प्रसंगी दंडही होतो. मूल आजीजवळ वाढवावे की नाही हा ज्याच्या-त्याच्या घरचा प्रश्न आहे, पण त्या वर्षाचा खर्च मांडताना ही रक्कम जमेच्या बाजूला धरू नये.

आता त्या कच्च्या उपायाविषयी. बदल कळवण्याची सगळी जबाबदारी कुटुंबावर असल्यामुळे काही लोक कळवत नाहीत, हे उघड आहे. त्यावर इलाज म्हणून २०२५ मध्ये महसूल खात्याने प्रवासाच्या नोंदी तपासून सुमारे २३,५०० कुटुंबांचे पैसे रोखले. देश सोडल्याची नोंद सापडली पण परतल्याची सापडली नाही, एवढ्यावर हा निर्णय घेतलेला होता. शेजारच्या आयर्लंड देशातील डब्लिनमार्गे घरी परतलेल्या उत्तर आयर्लंडमधील कुटुंबांनाही त्याचा फटका बसला. पुढे खात्याने क्षमा मागितली आणि पैसे थांबवण्यापूर्वी पगारावरील कराच्या नोंदी पडताळून पाहण्याचे मान्य केले. जाताना एका मार्गाने आणि येताना मुंबई किंवा आखाती देशातून वेगळ्या तिकिटावर परतणाऱ्या गोव्याच्या प्रवाशाला या प्रकाराचे गांभीर्य वेगळे सांगायला नको. आधी विचारावे आणि मग थांबवावे, हा साधा क्रम उलटा केला गेला. ज्या आईचा महिन्याचा किराणा या पैशांवर चालतो तिच्या दृष्टीने नंतर मिळालेल्या थकबाकीला अर्धीच किंमत असते.

हा क्रम सुधारेपर्यंत इकडे येणाऱ्यांनी परतीचा बोर्डिंग पास टाकून देऊ नये, त्याचा फोटो काढून ठेवावा, शाळा उघडल्यावर मुलाच्या हजेरीचे पत्र मागून घ्यावे, आणि मुक्काम आठ आठवड्यांच्या पलीकडे जाणार असे दिसू लागताच गोव्यातूनच कळवून टाकावे.